बाबांची आरएक्स कापू नका, आधी दोन विटा आणा

काका, नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहतो. वय ४२, अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. दोन वर्षांपूर्वी २०० सीसीची ऑफ-रोड गाडी सेकंडहँड घेतली. मोबाइलवर ट्रायलचे व्हिडिओ बघून नाद लागला. सीट नसलेली गाडी, वर उभा माणूस, आणि पाय न टेकवता तो घराएवढ्या दगडावर चढतो! आम्ही चार मित्र रविवारी मिसळ खाऊन खडकात जातो. पण दगडाशी आलो की माझी गाडी बंद पडते, नाहीतर आडवी होते. वर्षात दोनदा क्लच प्लेटा जळाल्या. मेकॅनिक म्हणतो ही गाडी जडच आहे. घरी बाबांची ९१ सालची आरएक्स १०० पडून आहे ती दे, फ्रेम कापून, सीट काढून ३५ हजारांत ट्रायल बाईक करून देतो. बाबा त्या गाडीवर सातपूरला ड्युटीला जायचे. बायको म्हणते, या वयात हे काय खूळ. आरएक्स कापू का? क्लच का जळतो? सराव कुठे करू?
– एक वाचक, सिडको
(पत्र मोठं होतं, जागेअभावी थोडक्यात दिलं आहे.)

नमस्कार.

आरएक्स कापू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण मेकॅनिकने ग्राइंडर सुरू केल्यावर माझं उत्तर वाचून उपयोग नाही.

तुमच्या मूळ पत्रात क्लचवर दीड पान आहे आणि बाबांवर एकच ओळ. ती ओळ मी परत वाचली. तुम्हाला गाडी कापायचीच असती तर ती तुम्ही लिहिली नसती. पण भावनेचं बाजूला ठेवू. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काढलंय, लोखंडाचा हिशेब लोखंडाच्या भाषेत करतो.

आरएक्स हलकी आहे, शंभर किलोच्या आसपास, हे मेकॅनिकचं खरं. पण तिच्या इंजिनचं पोट आणि जमीन यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नाही, आणि सायलेन्सरचा बेंड तिथूनच खालून जातो. पहिल्याच दगडावर तो चेपणार. ट्रायलच्या गाडीला पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक लागतं. आरएक्सला दोन्हीकडे १८. आरएक्सचं इंजिन वरच्या रेसवर गाणारं, ट्रायलचं इंजिन भारी फ्लायव्हीलचं, पिठाच्या चक्कीसारखं दमानं फिरणारं. ट्रायलचं हँडल दोन्ही बाजूंना इतकं वळतं की गाडी स्वतःच्या शेपटीभोवती फिरते. फूटरेस्ट खाली आणि मागे असतात, कारण माणूस त्यांच्यावर उभाच असतो. यातलं काहीही फ्रेम कापून मिळत नाही. सीट काढली म्हणून ट्रायल होत नाही; टक्कल केलं म्हणून कुणी पैलवान होतो का?

शिवाय कागद. तुम्ही लिहिलंय की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून तुम्ही तिची नोंदणी जिवंत ठेवली आहे. १९९६ साली बंद झालेल्या गाडीचे चालू कागद ही आज मोठी गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. फ्रेम कापली की एमएच-१५ची ती पाटी फक्त भिंतीवर लावायला उरेल.

परदेशातून खरी ट्रायल बाईक आणायचा विचारही तुम्ही समासात लिहिलाय. गाडी सुंदर असते, मी नाही म्हणत नाही. सत्तर किलोच्या आतबाहेर, दोन-तीन लिटरची टाकी, मागच्या टायरात जेमतेम चार-पाच पौंड हवा. पण ती स्पर्धेची गाडी, आपल्या रस्त्यावर चालवायला नोंदणी होत नाही. प्रत्येक वेळी छोट्या हत्तीत घालून न्यायची, आणि एक लिव्हर मोडला की पार्ट बाहेरून यायची वाट बघायची. पाच वर्षांनी हात बसला तर बोलू.

आता मूळ मुद्दा. तुमच्या व्हिडिओत जे दिसत नाही ते असं की ट्रायल हा हळू जाण्याचा खेळ आहे. वेळेला किंमत आहे ती फक्त मर्यादेपुरती. दगड, ओढा, चढ असा खुणा लावलेला एक तुकडा असतो, त्याला सेक्शन म्हणतात. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा जास्त वेळा टेकला तरी तीनच. पडलात, खुणेबाहेर गेलात किंवा सेक्शन अर्धवट राहिला की पाच. चार नावाचा गुणच नाही. हे मला पहिल्यापासून आवडतं: पाय टेकत टेकत का होईना, पार झालात तर नियम तुमच्या बाजूने असतो. सगळ्यात कमी दंड ज्याचा, तो जिंकला.

आणि जड गाडीवर हे होत नाही असं कुणी सांगितलं? स्कॉटलंडमध्ये १९११ पासून सहा दिवसांची ट्रायल चालते. ती १९५२ आणि १९५७ साली जॉनी ब्रिटन नावाच्या इंग्रज गड्याने रॉयल एनफिल्डवर जिंकली. आजच्या ट्रायल गाडीपुढे ती म्हैसच. पुढे सॅमी मिलरने ५०० सीसीची एरियल सोडून स्पेनची हलकी टू-स्ट्रोक बुल्टाको घेतली, १९६५ साली तीच स्पर्धा तिच्यावर जिंकली, आणि जड फोर-स्ट्रोकचे दिवस सरले. म्हणजे हलकी गाडी बरी, यात वाद नाही. पण मिलर आदल्या वर्षी त्या जड एरियलवरही जिंकलेला होता, हे लोक सांगायचं विसरतात.

तर क्लच. दीड पान वाचून मला तीन गोष्टी दिसल्या, आणि तिन्ही एकमेकींत अडकलेल्या आहेत.

पहिली, तुम्ही दगडाशी दुसऱ्या गिअरमध्ये येता. मग गाडी बंद पडेल या भीतीने लिव्हर अर्धा दाबून ठेवता आणि रेस देता. अर्ध्या क्लचवर रेस म्हणजे प्लेटा एकमेकींवर घासत राहणार. दोन सेकंद घासल्या तर चालतं, त्यासाठीच त्या तेलात बुडालेल्या असतात. तुम्ही मिनिटभर घासता. दुसरी, प्लेटा बदलताना मेकॅनिकने केबल आवळून ठेवली असणार. लिव्हरच्या टोकाशी साधारण अर्धा इंच मोकळा खेळ हवाच, आणि तो गाडी गरम असताना तपासा. खेळ शून्य असेल तर तुमचं बोट लागलेलं नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. तिसरी तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘घरात कारचं ऑइल उरलेलं होतं, तेच टाकलं.’ अहो! मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात फिरतो. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारे पदार्थ घातलेले असतात. इंजिनला ते गोड लागतं, क्लचला विष. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ असेल तेच घ्या.

या खेपेला प्लेटा टाकताना स्प्रिंगही बदला; जुन्या स्प्रिंगा उष्णतेने बसलेल्या असतात. मधल्या पोलादी प्लेटा बाहेर काढून बघा, निळ्या पडल्या असतील तर त्याही गेल्या. नव्या घर्षणाच्या प्लेटा रात्रभर त्याच तेलात भिजवून ठेवा, कोरड्या बसवू देऊ नका. मेकॅनिक म्हणेल काही गरज नाही. त्याला चहा पाजा आणि भिजवा. पुढे कधी शंका आली तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. आवाज वाढला आणि गाडी पुढे सरली नाही, तर क्लच सुटतोय.

आणखी एक स्वस्त काम म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, एका दाताने कमी करा. १३ दातांचं असेल तर १२. ओढ जवळजवळ आठ टक्के वाढते, पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीवर येते आणि अर्ध्या क्लचची गरजच कमी होते. मुंबई-आग्रा रस्त्यावर गाडी थोडी ओरडेल, चेनही जरा लवकर झिजेल. ते मी सोसतो.

आता विटा. दोन विटा आणा, सोसायटीच्या मागे पाच पावलांच्या अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ काढा. उभं राहून. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, रेस बंद, आणि मागचा ब्रेक पायाने हलका दाबलेला. गाडी इंजिनच्या दमावर पुढे ओढते, ब्रेक तिला धरून ठेवतो, या ओढाताणीत तोल सापडतो. वळताना गाडी आत झुकवा आणि अंग बाहेर ठेवा, वजन बाहेरच्या फूटरेस्टवर. रस्त्यावर आपण याच्या उलट करतो, म्हणून पहिले दोन रविवार डोकं फिरेल. नजर पुढच्या चाकावर नको, पुढच्या विटेवर. क्लचवर एकच बोट, तेही गरजेपुरतं: दाबलं, सोडलं, मोकळं केलं. पाच पावलं जमली की चार करा. इंजिन वाऱ्यावर थंड होणारं आहे आणि या वेगाला वाराच लागत नाही, म्हणून दहा मिनिटांनी गाडी बंद करून पाणी प्या.

रात्री आवाज नको असेल तर इंजिन बंद ठेवून पुढचं चाक भिंतीला टेकवा, हँडल पूर्ण एका बाजूला वळवा, पुढचा ब्रेक धरा आणि फूटरेस्टवर उभे राहा. पहिल्या दिवशी तीन सेकंद. २००७ ते २०२४ दरवर्षी मैदानी आणि बंदिस्त अशी दोन्ही जगज्जेतेपदं जिंकणारा टोनी बूही असाच जागच्या जागी उभा राहतो. फरक इतकाच की त्याला भिंत लागत नाही.

हे महिनाभर झाल्याशिवाय दगडाकडे जाऊ नका. गेलात की आधी सेक्शन पायी चालून बघा, कुठलं चाक कुठे जाणार ते ठरवा. सुरुवात सहा इंची पायरीने. पुढचं चाक उचलायला रेस, आणि मागचं चाक दगडाला लागतं त्या क्षणी रेस बंद, गुडघे सैल. तुम्ही नेमकं उलटं करत असणार. मागचं चाक आपटलं की घाबरून मूठ पिळली जाते आणि गाडी आडवी होते. मिसळ मात्र सरावानंतर खा. आधी खाल्ली तर उभ्याने चालवताना ती स्वतःची आठवण करून देते.

देखभालीचं बाकी सगळं पुस्तकात मिळेल, मी फक्त खडकात जाणाऱ्याला लागतं तेवढं लिहितो. मित्रांच्या मागून जाता म्हणजे त्यांची धूळ तुमचा एअर फिल्टर खातो. तो कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. फोमचा असेल तर भांडी घासायच्या साबणाने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग फिल्टरचं तेल लावून पिळा. पेट्रोलमध्ये धुऊ नका, त्याची चिकटवलेली जोड सुटते. परत आल्यावर पान्याने एकेका आऱ्यावर टिचकी मारा. घट्ट आरा टण् वाजतो, ढिला थप्. भजनी मंडळातला माणूस हे मेकॅनिकपेक्षा लवकर ओळखतो. क्लच आणि ब्रेक लिव्हरचे क्लॅम्प इतपतच आवळा की गाडी पडली तर लिव्हर फिरावा, मोडू नये. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, पाण्याची जोराची धार चाकांच्या बेअरिंगवर, कोनसेटवर नको. तिथलं ग्रीस गेलं की दोन महिन्यांत हँडल कटकट करायला लागतं.

हवेचं. व्हिडिओवाल्यांची चार पौंड हवा बघून तुम्ही ती करू नका. त्यांचे मागचे टायर वेगळे असतात, तुमच्या चाकात ट्यूब आहे. खडकात १५ ते १८ पौंड, आणि परतताना डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरायची. पायपंप सोबत ठेवा. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर ट्यूब रिमवर सरकतेय असं समजा, तिथेच थांबा. टायर रिमवर घट्ट धरणारा रिम लॉक बसवला तर ही कटकट मिटते.

पाण्याबद्दल मात्र स्वतःचा दाखला देतो, कारण त्याची किंमत मी मोजलीय. तीन पावसाळ्यांपूर्वी पेठच्या बाजूला एका ओढ्यात माझी गाडी बसली. पाणी फिल्टरमधून आत गेलं होतं. सोबतची पोरं बघत होती, मला घाई. सेल्फ दाबला. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येऊन त्यावर आपटला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन पूर्ण उघडावं लागलं. करायचं होतं एवढंच: गाडी ओढून बाहेर काढायची, प्लग काढायचा, फिल्टर काढायचा, आणि प्लगच्या भोकातून पाणी उडून जाईपर्यंत इंजिन फिरवायचं. दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी माझ्या खिशात प्लग पाना नव्हता. आता किल्लीच्या जुडग्याआधी तो घेतो.

कुठे जायचं? आधी कुठे नाही ते. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या बाजूला वनखात्याची जमीन आहे, तिथे चाक घालू नका. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, आणि डोंगराचंच नाव मिळालेलं एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, तिथे पावसाळ्यात उगवतं. ते टायरखाली गेलं तर आपल्याला कळणारही नाही. दिंडोरी, गिरणारे पट्ट्यात द्राक्षबागांना लागून धूळ उडवू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर मणी धरेपर्यंत शेतकरी घडाला मुलासारखा जपतो, आणि तुमची धूळ त्याच्या निर्यातीच्या मालावर बसते. तो काठी घेऊन आला तर मी त्याच्या बाजूने. ओळखीच्या शेतकऱ्याचा पडीक मुरमाड तुकडा, किंवा मालकाच्या लेखी परवानगीने बंद पडलेली खडीची खाण, एवढं पुरे; ट्रायलला जागा कमीच लागते. खाणीत साचलेल्या पाण्यापासून मात्र लांब. पावसाळ्यात आपला काळा खडक शेवाळाने साबणासारखा होतो, तेव्हा विटांवरच राहा. तशी २०२७च्या सिंहस्थाची कामं सुरू झाल्यापासून शहरात घराबाहेरच तयार सेक्शन मिळतात म्हणा.

ते ३५ हजार वाचले ना? आधी घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याची गार्ड, हातमोजे. हेल्मेट आहेच असं धरतो. मग इंजिनखाली दगडाचा मार झेलणारी बॅश प्लेट, क्लचचा सेट, स्प्रॉकेट. उरलेल्यातून आरएक्सचं काम, ते खाली सांगतो.

बायकोचं म्हणणं. वयाचं उत्तर माझ्याकडे नाही, मी ६३ वर्षांचा आहे आणि घरी तेच ऐकतो. पण ‘पडलास तर’ हे त्या म्हणत असतील तर बरोबर म्हणतात. चालण्याच्या वेगाला माणूस सहसा मरत नाही, पण मनगट आणि घोटा मोडतो, आणि दीडशे किलोची गाडी पायावर पडली तर एकट्याने निघत नाही. म्हणून एकटे कधीच जाऊ नका. आणि एक सुचवतो. ट्रायलमध्ये प्रत्येक सेक्शनला एक निरीक्षक असतो, पाय किती वेळा टेकला ते मोजणारा. एका रविवारी बायकोला विटांपाशी खुर्ची टाकून वही द्या. माझ्या घरी हे काम सौ. करते. तिचा आकडा माझ्यापेक्षा नेहमी दोनाने जास्त असतो, आणि बरोबर असतो.

आता बाबांची आरएक्स. मूळ पत्रात ‘वर्षभर किक मारलेली नाही’ असं आहे. घाई नको. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते खाली बसलं की टाकी आतून गंजते. कार्बोरेटरचा बाऊल उघडून जेट साफ करा, पेट्रोलचा पाइप कडक झाला असेल तर नवा घाला. टू-टी ऑइलची टाकी बघा, ऑइल पंपाच्या नळीत हवा नाही ना ते बघा. हवा असली तर आधी ती काढा, नाहीतर पिस्टन कोरडा धावेल. सायलेन्सरची आतली नळी काढून तिचा कार्बन जाळा. मग प्लग काढून भोकातून टू-टीचे चार थेंब सोडा, प्लगशिवाय हळूच पाच-सहा किका मारा, थेंब सगळीकडे पोहोचू दे. प्लग बसवा. चोक ओढा. आणि सकाळच्या शिफ्टच्या वेळेला मारा, तेव्हा सिडकोतून सातपूरचा रस्ता अजून मोकळा असतो.